लातूरच्या होस्टेलवरचं सोलर: नळ्या मोजू नका, टाकी मोजा

आमचं लातूरला ट्यूशन एरियात मुलींचं होस्टेल आहे. चाळीसेक मुली असतात, बहुतेक नीटवाल्या. नांदेड, बीड, धाराशिव, हिंगोली, काही पार बुलढाण्याहून आलेल्या. लेकरं पहाटे साडेचारला उठतात आणि सहाच्या आत सगळ्यांची अंघोळ उरकलेली पाहिजे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण सोलर वॉटर हीटरचं कौतुक करणारे बहुतेक जण सकाळी नऊला निवांत अंघोळ करणारे असतात. चार माणसांचं घर, दोनशे लिटरची टाकी, त्यांना काय कमी पडणार! आमच्याकडे ऊन संध्याकाळी सहाला गेलं की पुढचे दहा-अकरा तास पाणी गरम राहायला पाहिजे, आणि मग तास-दीड तासात चाळीस बादल्यांना पुरायला पाहिजे. सोलर ऊन पकडतं किती हे मी फारसं बघतच नाही. लातूरला उन्हाला काय तोटा! पकडलेलं ऊन पहाटेपर्यंत सांभाळतं किती, एवढ्यावरच हा रिव्ह्यू आहे.

वस्तू अशी. काचेच्या नळ्यांचं, दुकानदार ज्याला ‘ईटीसी’ म्हणतात ते, कागदावर ५०० लिटरचं सोलर. ५० नळ्या, प्रत्येक ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब. वर स्टेनलेस स्टीलची आडवी टाकी, तिच्याभोवती ५० मिलिमीटर पफचा, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचा थर, बाहेरून रंगीत पत्रा. बॅकअपला टाकीतच ३ किलोवॅटचा हीटर. पाऊण लाखाच्या आसपास पडलं, प्लंबिंगचा खर्च वेगळा. कंपनीचं आणि दुकानदाराचं नाव लिहीत नाही. एक तर भांडण अजून ताजं आहे, आणि दुसरं म्हणजे हा प्रकार एकाच दुकानापुरता असेल असं मला वाटत नाही.

याआधी आमच्याकडे गॅस गीझर होते. पाणी झटकन गरम व्हायचं, मुली खूश होत्या. पण लहान बंद बाथरूममध्ये गॅस जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस आत चक्कर येऊन पडला तर बाहेरच्याला कळतही नाही. दुसऱ्यांच्या लेकी सांभाळायच्या म्हटल्यावर ती जोखीम कोण घेणार? काढून टाकले. मग विजेचे गीझर लावले आणि हिवाळ्यातलं पहिलं बिल बघून आमचे हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

उन्हाच्या पाण्याचं आपल्याला नवल नाही. औसा तालुक्यात माझं सासर, तिथं बाळंतिणीच्या घरी अंगणात पितळी घंगाळ भरून उन्हात ठेवायचे, वर पातळ फडकं, आणि बाराच्या सुमाराला त्या पाण्यानं लेकराला न्हाऊ घालायचे. ते पाणी बारालाच वापरून संपतं म्हणून घंगाळावर भागतं. तेच पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाहिजे म्हटलं की घंगाळाला गोधडीत गुंडाळून ठेवायची वेळ येते. सोलरमध्ये आपण पैसे देतो ते त्या गोधडीचे.

नळ्यांचं काम मात्र खरंच बघण्यासारखं आहे, त्यात मी काही वाईट बोलणार नाही. नळी दुहेरी काचेची असते, दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली. आतल्या काचेवर काळपट निळा लेप असतो, तो ऊन शोषतो. शोषलेली उष्णता बाहेर यायला मध्ये हवाच नाही, त्यामुळे ती आतल्या पाण्यात जाते. जानेवारीत भर दुपारी गच्चीवर जाऊन नळीला हात लावा. आत हात पोळेल असं पाणी असतं आणि बाहेरची काच गार लागते. आमचे प्लंबर चाचा नळ्या तपासतात ते असेच. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवत जातात. जी नळी कोमट लागली ती गेली, म्हणजे तिच्यातली पोकळी संपली. मग ते खाली वाकून तिचं टोक बघतात. चांगल्या नळीच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो बेरियमचा. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. एवढं बघायला ना मीटर लागतो ना कंपनीचा माणूस. नवीन नळ्या घेताना बॉक्स उघडून प्रत्येकीचं टोक बघून घ्यावं, वाहतुकीत एखादी तरी गेलेली असतेच.

पंप वगैरे काही नाही. गरम पाणी हलकं, ते नळीतून वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. रात्री उलटं होत नाही, कारण टाकी वर आहे आणि गरम पाणी खाली यायला मागत नाही. लातूर साधारण १८.४ अक्षांशावर, तोंड दक्षिणेला, आणि स्टँडचा उतार आम्ही मुद्दाम जास्त, तिसेक अंश ठेवून घेतला. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि आपल्याला गरज हिवाळ्यातच असते. उन्हाळ्यातलं ऊन थोडं वाया गेलं तर जाऊ द्या. स्टँडचे पाय कुठे टेकवायचे यावर मात्र ह्यांनी मिस्त्रीला अर्धा दिवस धरून बसवलं होतं. भरलेलं सोलर म्हणजे पाच-सहाशे किलोचा ऐवज. किल्लारी आमच्या औसा तालुक्यातलीच. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी बघितली ते गच्चीवर नुसत्या स्लॅबवर असलं वजन ठेवत नाहीत. पाय कॉलमच्या डोक्यावरच आले पाहिजेत.

आता मुद्द्याचं. बसवल्यावर पहिल्या हिवाळ्यात रोज एकच तक्रार, “काकू, शेवटी पाणी कोमटच येतंय.” पहिल्या वीस-पंचवीस जणींना कडक पाणी आणि शेवटच्या दहा-बारा जणी कुडकुडत. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, मुली पाणी जास्त वापरत असतील. मला ते पटलं नाही, कारण प्रत्येकीला एकच बादली असा नियम आहे आणि मी स्वतः जिन्याजवळ खुर्ची टाकून बसते.

म्हणून दूध तापवताना वापरतात तसला थर्मामीटर आणला आणि गच्चीवरच्या नळाचं पाणी मोजायला लागले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी ६० अंश, पहाटे पाचला ५५. रात्रभरात पाचच अंश जातात. म्हणजे पफ चांगला आहे. त्याला पैकीच्या पैकी. डिसेंबरच्या थंडीत उघड्या गच्चीवर रात्रभरात पाचच अंश जाणं ही छोटी गोष्ट नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला विचारून हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. नळाचं गार पाणी २२ अंश, बादलीत अंघोळीला हवं ४० अंश. मग वीस लिटरच्या बादलीत ५५ अंशांचं पाणी जवळपास ११ लिटर घ्यावं लागतं, बाकी गार. ५०० लिटरला अकरानं भागलं की ४५ बादल्या. चाळीस मुलींना पुरून उरायला पाहिजे. मग मधल्या बादल्या गेल्या कुठे?

यातली पहिली चोरी आमच्या घरातलीच निघाली, ती म्हणजे संध्याकाळचं डोकं धुणं. क्लासवरून सातला आलेल्या दोन-चार मुली गरम पाण्यानं केस धुवायच्या. त्यात काय बिघडलं असं कुणालाही वाटेल. पण टाकीतून गरम पाणी जेवढं वरून निघतं तेवढंच गार पाणी खालून आत येतं. दिवसा ते गार पाणी तापवायला ऊन असतं. सातनंतर कोण तापवणार? पंधरा-वीस लिटर गार पाणी रात्रभर त्या टाकीत मिसळून बसतं आणि पहाटेचं सगळ्यांचंच तापमान खाली ओढतं. म्हणून आता संध्याकाळी साडेपाचला गच्चीवरचा गरम पाण्याचा कॉक बंद आणि पहाटे साडेचारला चालू. किल्ली माझ्या कमरेला. केस धुवायचे ते रविवारी दुपारी एकच्या आत, म्हणजे टाकी परत तापायला चार-पाच तास ऊन उरतं. सुरुवातीला मुलींनी तोंडं वाकडी केली, एकीच्या आईचा लोहाऱ्याहून फोनही आला. आता जुन्या मुलीच नव्यांना समजावतात. ज्यांच्याकडे पहाटेचा वापर आहे त्यांनी हा एक नियम पाळला तरी सोलर नवं घेतल्यासारखं वाटेल.

एवढं करूनही दहा जणी कोमटावरच. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत क्षार काढायला टाकी रिकामी केली, तेव्हा मी चाचांना म्हटलं, पाणी गच्चीवर सोडू नका, ड्रममध्ये घ्या. लातूरला पाणी असं सोडवत नाही कुणाच्यानं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, त्या वर्षापासून आमच्याकडे चूळ भरायचं पाणीसुद्धा झाडाला जातं. तर दोनशे लिटरचे निळे ड्रम गच्चीवर मांडले आणि टाकीचं पाणी त्यात घेतलं. पहिला ड्रम भरला. दुसरा भरत आला आणि काठापासून वीतभर खाली धार थांबली. चाचांनी टाकीला टिचकी मारून बघितली, खणखणीत रिकामी. ‘५०० लिटर’ असं मोठ्या अक्षरात छापलेल्या टाकीतून चारशेही निघाले नाहीत.

बाकीचं पाणी होतं नळ्यांमध्ये. एका नळीत साधारण पावणेतीन लिटर पाणी मावतं, अशा ५० नळ्या, म्हणजे १३५ लिटरच्या आसपास. टाकी खरी ३६५ लिटरची, आणि नळ्यांतलं पाणी धरून वर ५०० लिहिलेलं. आता नळीतलं पाणी काही नळातून बादलीत येत नाही. ते खालीच राहतं, सकाळी वापरायला त्याचा शून्य उपयोग. ३६५ ला अकरानं भागा, ३३ बादल्या. शिवाय पाणी काढताना खालून येणारं गार पाणी मिसळतं, आडव्या टाकीत ते जास्तच मिसळतं, कारण गरम-गारचे थर वेगळे राहायला उंचीच नसते. म्हणजे तिसाव्या मुलीपासून पुढे कोमट, अगदी आमच्या तक्रारवहीत लिहिलंय तसंच.

दुकानदाराला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, “मॅडम, सगळे असंच धरतात.” मी म्हटलं, दूधवाल्यानं किटलीच्या झाकणासकट लिटर मोजला तर तुम्ही घ्याल का? पैसे परत मिळाले नाहीत. बरीच बाचाबाची झाल्यावर एक मॅग्नेशियमचा रॉड फुकट दिला, तोही गाडीच्या डिकीतून काढून, जणू माझ्यावर उपकार. हा रॉड टाकीत असतो, पाण्यातले क्षार आधी त्याला खातात आणि टाकी वाचते. तो झिजला की बदलायचा असतो, हे विकताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

क्षारांबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर सोलर चालवायचं म्हणजे निम्मी लढाई क्षारांशीच असते. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, हजाराच्या वर आहे. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो, ६० अंशांच्या वर तर झपाट्यानं. नळी काढून उलटी केली की तळातून ओल्या रांगोळीसारखा पांढरा गाळ पडतो आणि हीटरच्या कॉइलवर दगडी साल चढलेली असते. काही प्लंबर यावर फरशी धुवायचं ॲसिड ओततात. ते स्टेनलेस स्टीलच्या टाकीत अजिबात घालू देऊ नका, जोडांजवळ बारीक छिद्रं पडतात आणि मग पफ आतून भिजून सगळंच संपतं. किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात घोळून टाकीत काही तास ठेवायचं आणि धुऊन काढायचं. वेळ लागतो, पण टाकी राहते. बोअर खारट असेल तर साध्या ३०४ स्टीलपेक्षा ३१६ स्टीलची किंवा आतून इनॅमलचा काचेसारखा थर असलेली टाकी घ्या. पैसे जास्त लागतात, तरीही घ्या.

नळ्या फुटण्याचं एक खास आपल्याकडचं कारण आहे. नळाचं पाणी आठवड्यातून एखाद-दोनदा, टँकर सांगितला तर येईल तेव्हा. एकदा वरची सिंटेक्स रात्रीत कोरडी पडली, सोलरची टाकीही उतरली आणि सकाळभर नळ्या नवं पाणी न मिळता तापत राहिल्या. दुपारी एकला टँकर आला. वॉचमननं आनंदानं मोटर चालू केली आणि गच्चीवर फटाक्यांच्या माळेसारखा आवाज. एवढी तापलेली काच आणि तिच्यात एकदम गार पाणी, दुसरं काय होणार! तेव्हापासून सोलरला पाणी सोडणारा कॉक वेगळा केला आहे आणि त्याच्यावर तांबड्या रंगानं लिहून ठेवलंय: टाकी रिकामी असेल तर सूर्य मावळल्यावरच भरणे. दुकानदार म्हणतो, वॉरंटीत नळीची काच येत नाही. हे त्यानं खरं सांगितलं, बिलामागे बारीक अक्षरात तसंच लिहिलेलं आहे.

पाइपचंही तसंच. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाइप तीसेक मीटर फिरून येतो. त्यात आठ-नऊ लिटर पाणी मावतं आणि ते पहाटेपर्यंत गार झालेलं असतं. पहिली मुलगी गरम पाणी येईपर्यंत नळ सोडून उभी राहिली तर तेवढं पाणी रोज मोरीत जातं. आम्ही तिथं एक बादली कायमची ठेवली आहे, ते पाणी फरशीला. गरम पाइपवर काळं फोम घातलेलं होतं, ते उन्हानं भुगा झालं आणि उरलेलं खारींनी नेलं. आता फोमवरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळून घेतली, ती टिकलीय.

ढगाळ दिवसांचं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यात ढग रोज येतात, पाऊस येईलच असं नाही. शेतकऱ्याचं जे होतं तेच आमच्या टाकीचं होतं. एक दिवस आभाळ भरलेलं असलं तरी काचेच्या नळ्या थोडंफार तापवतात. सलग दोन-तीन दिवस गेले की पहाटेचं पाणी चाळिशीच्या खाली. तेव्हा बॅकअप हीटर. तो संध्याकाळी चालू करून झोपू नका. टाकी जेवढी जास्त तापलेली तेवढी ती रात्री जास्त उष्णता सोडते, आणि सकाळी बंद करायचं राहिलं तर दिवसभर मीटर फिरतं आणि उन्हाला करायला काम उरत नाही. आम्ही टायमर लावलाय, पहाटे तीनला चालू, साडेचारला बंद. ३ किलोवॅटचा हीटर दीड तासात साडेचार युनिट घेतो आणि आमच्या टाकीला दहाएक अंश चढवतो. लाइट गेली तर मात्र बोंब.

मे महिन्याचं दुखणं उलटं आहे. नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीला होते आणि होस्टेल रिकामं. वर ४२ अंशांचं ऊन, गरम पाणी वापरायला कुणी नाही. टाकीतलं पाणी उकळीला येतं, हवेच्या नळीतून वाफा निघतात आणि सगळ्यात जास्त चुना याच महिन्यात बसतो. सुट्टी लागली की निम्म्याहून जास्त नळ्यांवर तागाची पोती टाकून दोरीनं बांधायची. पोती वाऱ्यानं उडतात म्हणून ताडपत्री बरी. ही सूचनाही कंपनीच्या पुस्तकात नाही, पुस्तकात फक्त हसणारं कुटुंब आहे.

भाचा म्हणतो, मामी, पाण्यात काय साठवायचं, जग कुठे गेलंय. फिनलंडमध्ये कांकानपा गावात २०२२ मध्ये १०० टन वाळूचा हौद उभारला, जास्तीची वीज उष्णता करून त्या वाळूत ५०० अंशांपर्यंत भरतात आणि थंडीत घरं गरम करायला वापरतात. मी म्हटलं, वाळू आणायची कुठून, मांजरा नदीत तर राहिली नाही. पण असला प्रकार मी आपल्या देशातही बघितला आहे. सासूबाई ब्रह्माकुमारीच्या ओम शांतीला जातात, त्यांना घेऊन अबूला गेलो होतो. तिथं अबू रोडजवळ ‘इंडिया वन’ नावाचा सौर प्रकल्प आहे, प्रत्येकी ६० चौरस मीटरच्या ७७० आरशांच्या छत्र्या, आणि प्रत्येक छत्रीसमोर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक मोठा ठोकळा. आरसे दिवसभर ऊन त्या बिडात ओततात, रात्री त्याच्यातून पाणी सोडून वाफ काढतात आणि १ मेगावॅटचं टर्बाइन फिरवतात. १६ तासांची साठवण आहे. सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या, मी बिडाचा ठोकळा बघत उभी. आमच्या टाकीचंच काम, फक्त वाफेसाठी.

मग आपल्याकडे बीड किंवा वाळू का नको? भाच्यानंच हिशेब करून दिला. किलोला किलो धरलं तर पाणी वाळूच्या पाचपट आणि लोखंडाच्या नऊपट उष्णता धरतं. वाळू-लोखंडाची गंमत अशी की ते पाचशे अंशांपर्यंत तापवता येतं, पाणी शंभरला उकळतं. वाफ किंवा वीज करायची असेल तर बीड. अंघोळीला ४० अंश लागतात, त्याला पाण्याहून स्वस्त आणि बरं काही नाही, शिवाय जे साठवलं तेच अंगावर घ्यायचं, मध्ये कुठलं यंत्र नाही.

दुसरा प्रश्न बरेच जण विचारतात, की आता पीएम सूर्यघरमध्ये पॅनेलला अनुदान मिळतंय तर सोलर हीटर कशाला? ती २०२४ ची योजना घराच्या छतावरच्या विजेच्या पॅनेलसाठी आहे, पाण्याचं सोलर तिच्यात बसत नाही, हे खरं. घरगुती असाल, जागा भरपूर असेल तर पॅनेल आणि गीझर हा वाईट सौदा नाही. आमचं गणित वेगळं. आमची कमी मापाची टाकीसुद्धा रोज १६ युनिटांइतकी उष्णता पोटात घेऊन रात्र काढते, त्यातली दोन युनिटं रात्री जातात. तेवढी वीज बॅटरीत ठेवायची तर खर्च लाखांत. तेवढी वीज करायला ४ किलोवॅटची पॅनेलं, म्हणजे जवळपास चारशे चौरस फूट गच्ची. नळ्यांना शंभरही लागली नाही, आणि माझ्या गच्चीवर चाळीस मुलींचे कपडे वाळतात.

मग कोमट पाण्याचं काय केलं? गेल्या दिवाळीआधी दुसऱ्या दुकानातून दोनशे लिटरची उभी इनॅमलची टाकी घेतली, नळ्या नाहीत, नुसती साठवण. पहिल्या टाकीचं गरम पाणी हिच्यात येतं आणि बाथरूमला हिच्यातून वरून जातं. दिवसा लहान पंप पाणी दोन्हींत फिरवतो, म्हणजे नळ्यांना मिळालेलं ऊन दोन टाक्यांत वाटलं जातं. त्यामुळे तापमान आता ६० नाही, चोपन्न-पंचावन्नवर थांबतं, पण पाणी ५६५ लिटर झालं. आणि उभ्या टाकीत गरम पाणी वर, गार खाली असं वेगळं राहतं, त्यामुळे शेवटपर्यंत एकसारखं येतं. या जानेवारीत तक्रारवहीत पाण्याचं नाव नाही, आता जेवणातल्या शेपूच्या भाजीवर गाडी आली आहे.

तर नळ्यांना पाचपैकी साडेचार, पफला पाच, स्टीलच्या टाकीला दोन, तेही तिला अजून भोक पडलं नाही म्हणून. विक्रीनंतरच्या सेवेला काय द्यायचं ते वर कळलंच असेल. सोलर घ्यायचंच, असं मी कुणालाही सांगेन. बिलावर मात्र ‘५०० एलपीडी’ (दिवसाला ५०० लिटर) असं नुसतं लिहून घेऊ नका. टाकीची स्वतःची क्षमता लिटरमध्ये, स्टीलचा ग्रेड, पफची जाडी आणि मॅग्नेशियम रॉड आहे की नाही, एवढं शिक्क्यासह लिहून मागा. बसवायच्या दिवशी नळ्या जोडायच्या आधी टाकी भरून ड्रममध्ये मोजून देणार का, हेही विचारा. माझ्या दुसऱ्या दुकानदारानं हो म्हटलं आणि मोजूनही दिली, १९८ लिटर भरली. ड्रम मात्र त्याला माझाच वापरावा लागला, आणि तेव्हापासून तो ड्रम त्याच्याच दुकानात आहे.